उतारावरचे गवत : दर लावण्याआधी उतार मोजा

पावसाळा ओसरला की वसई-विरार भागात एक हंगामी काम निघते. रस्त्याच्या साइडपट्ट्या, भरावाच्या बाजू, पावसाळी पाण्याचे चर, तलावांचे मातीचे बांध, खारभूमीची बंदिस्ती, कारखान्यांची आवारे, सोसायट्यांच्या मोकळ्या जागा, सगळीकडे गवत कमरेएवढे वाढलेले असते. ते काढण्याची कामे दिली जातात. मोठा ठेकेदार काम घेतो आणि पुढे ते तुकड्या-तुकड्याने लहान माणसाकडे येते. सातिवली, वालीव, गोखिवरे, पेल्हार या पट्ट्यातील आपले अनेक कारागीर बंधू या धंद्याशी कोणत्या ना कोणत्या नात्याने जोडलेले आहेत. कोणी गवत कापण्याचे यंत्र दुरुस्त करतो, कोणी पाती आणि नायलॉन दोरी विकतो, कोणी पाती घासून देतो, तर कोणी चार माणसे घेऊन स्वतःच काम उचलतो.

काम सोपे दिसते. यंत्र दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळते आणि चालवायला अर्ध्या दिवसात शिकता येते. म्हणूनच यात दर पाडण्याची चढाओढ फार आहे. पण सपाटीचा दर उतारावर लावणारा माणूस एक तर तोट्यात जातो किंवा तो तोटा आपल्या मजुराच्या हातापायांतून भरून काढतो. तिसरा मार्ग नाही. म्हणून या कामातील धोके कोणते, ते कसे टाळावेत आणि त्यांचा खर्च दरात कसा धरावा, हे आज पाहू.

जुना धंदा, नवे हत्यार

गवताचा धंदा या भागाला नवा नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील माळांवरचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे आणि ते कापणारे हात बहुतेक आदिवासींचे असत. १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागात वारली मजुरांनी संप केला, तेव्हा ५०० रतल गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत ही त्यांची मुख्य मागणी होती. गवत कापणे ही अंगमेहनत आहे आणि तिचा रास्त दर ठरला पाहिजे, हा प्रश्न या भूमीवर त्या वेळीच उभा राहिला होता.

आज हत्यार बदलले आहे. विळ्याच्या जागी पेट्रोलवर किंवा बॅटरीवर चालणारा ब्रश कटर आला. कामाची जागाही बदलली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र होऊन ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. रस्ते वाढले, गटारे वाढली. ज्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ८ म्हणत, तो आजचा ४८ क्रमांकाचा मुंबई-अहमदाबाद महामार्ग वर्सोवा पुलावरून ससूनवघर, मालजीपाडा, सातिवली, पेल्हार, विरार फाटा, खानिवडे असा तालुक्याच्या पूर्व अंगाने जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना भराव आणि चर आहेत. विळ्याने बोट कापते. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते घोट्याचे हाड तोडू शकते आणि उडवलेला खडा १५ मीटरवरच्या माणसाचा डोळा फोडू शकतो. हत्यार बदलले तशी सावधगिरीही बदलली पाहिजे.

उतार कसा मोजावा

दर देण्यापूर्वी जागेवर जाऊन उतार मोजा. यासाठी मोठे साधन लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाणसळ एवढे पुरे. पट्टीचे एक टोक उतारावर टेकवा, पट्टी उताराच्या खालच्या दिशेला धरून पाणसळीने समतल करा आणि दुसऱ्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजा.

हे अंतर २७ सेंटिमीटर आले तर उतार १५ अंशांचा आहे. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांना बहुतेक कंपन्या साधारण येथपर्यंतच परवानगी देतात. ३६ सेंटिमीटर म्हणजे २० अंश. मागून ढकलायच्या चाकांच्या यंत्राची मर्यादा साधारण तेथे संपते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर तोच खरा मानावा. अंतर ५० सेंटिमीटर आले तर तो 'दोनास एक' उतार झाला, म्हणजे साडेसव्वीस अंशांहून थोडा अधिक.

आता ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, रस्त्याच्या भरावाची बाजू सर्वसाधारणपणे दोनास एक धरून बांधतात आणि जागा कमी असेल तेथे ती याहूनही उभी असते. म्हणजे महामार्गाच्या भरावावर चाकांचे कोणतेही साधे यंत्र चालवणे सुरक्षित मर्यादेच्या बाहेर आहे. तेथे ब्रश कटर किंवा विळा, हीच दोन साधने उरतात. जिथे पाय ठरत नाही तिथे यंत्रही चालवू नये. तिथे कमरेला दोर बांधून विळ्यानेच काम करावे. विळा जुना झाला म्हणून निकामी झालेला नाही.

उतार मर्यादेत असेल तर चाकांच्या यंत्रांचा नियम असा : ढकलायचे यंत्र उताराला आडवे चालवावे, खाली-वर नाही. वर चढताना पाय घसरला तर यंत्र अंगावर येते आणि उतरताना घसरला तर पाय यंत्राखाली जातो. बसून चालवायचे यंत्र मात्र उलट, खाली-वर चालवावे, कारण आडवे नेल्यास ते कलंडते. आपल्याकडे या दोन नियमांची नेहमी गल्लत होते. एका यंत्रावर शिकलेला माणूस दुसऱ्या यंत्रावर तीच सवय वापरतो आणि अपघात होतो.

ब्रश कटर उतारावर कसा चालवावा

बहुतेक ब्रश कटरचे पाते वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. गिअरच्या डब्यावर बाणाची खूण असते, ती आधी पाहावी. या फिरण्यामुळे दोन गोष्टी ठरतात.

पहिली गोष्ट, यंत्राचा झटका. पात्याची समोरची उजवी बाजू दगडाला, खुंटाला किंवा घाणेरीच्या जाड बुंध्याला लागली तर यंत्र जोरात उजवीकडे आणि मागे फेकले जाते. सपाटीवर माणूस सावरतो, उतारावर तो कोसळतो. म्हणून कापण्याचा हात उजवीकडून डावीकडे न्यावा आणि पात्याच्या डाव्या बाजूनेच कापावे. परतीचा हात रिकामा आणावा.

दुसरी गोष्ट, दगड उडण्याची दिशा. पात्याच्या समोरच्या कडेला लागलेला खडा मुख्यतः डावीकडे उडतो. आता महामार्गाचा विचार करा. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात. डाव्या साइडपट्टीवर काम करणाऱ्याने येणाऱ्या वाहनांकडे तोंड केले तर रस्ता त्याच्या डाव्या हाताला येतो आणि खडे वाहनांवर जातात. वाहनांकडे पाठ केली तर रस्ता उजवीकडे राहतो आणि खडे उताराच्या बाजूला जातात, पण मग मागून काय येते ते त्याला दिसत नाही आणि यंत्राच्या आवाजात ऐकूही येत नाही.

म्हणून महामार्गावर पाठ वाहनांकडे ठेवूनच काम करावे आणि एक माणूस केवळ पहाऱ्यासाठी ठेवावा. त्याने येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभे राहावे, हातात लाल झेंडी व शिट्टी ठेवावी आणि दुसरे कोणतेही काम करू नये. शिट्टी कानावरच्या संरक्षणातून ऐकू येईलच असे नाही, म्हणून खुणेसाठी एक लांब दोरी किंवा काठीही ठरवून ठेवावी. काम चालू असताना यंत्रवाल्याच्या पाठीवर हात ठेवायला कोणीही जाऊ नये. तो दचकून वळतो आणि पाते त्याच्याबरोबर वळते. हा पहारेकरी म्हणजे फुकटची मजुरी असे अनेकांना वाटते. पण तो नसेल तर दगड किंवा गाडी यांपैकी एक धोका उघडा राहतोच.

याच कारणाने भरावावर पट्टे खालून वर घेत जावेत. उताराला आडवे चालत, रस्ता उजव्या हाताला ठेवून पहिला पट्टा सर्वांत खाली कापावा. शेवटी पोचल्यावर यंत्राचे पाते थांबवून कापलेल्या पट्ट्यावरूनच परत यावे आणि त्याच्या वरचा पट्टा घ्यावा. असे केल्याने कापलेले गवत आधीच मोकळ्या झालेल्या जागेवर पडते आणि पुढची न कापलेली जमीन नजरेसमोर राहते. एका उतारावर एकाच्या खाली दुसऱ्याने काम करू नये. दोन यंत्रांमध्ये आणि यंत्र व इतर माणसांमध्ये किमान १५ मीटर अंतर असावे. वस्तीजवळ मुले आवाज ऐकून जवळ येतात. मूल १५ मीटरच्या आत आले की यंत्र थांबवावे.

रस्त्याच्या कडेला दाट हिरवी जाळी बांबूच्या चौकटीवर ताणून उभी केली तर बरेच खडे अडतात. खर्च थोडा आहे आणि एका मोटारीची पुढची काच वाचली तरी तो वसूल होतो. गवत मुळाशी खरवडू नये, सात ते दहा सेंटिमीटर उंची ठेवावी. त्यामुळे पाते खड्यांपर्यंत जात नाही आणि मुळांनी धरलेली माती पुढच्या पावसात सुटत नाही. भराव किंवा बांध उघडा करून ठेवला तर त्याच्या घळी पडतात. तणनाशक मारून काम उरकण्याचा मोहही उतारावर याच कारणासाठी टाळावा. मूळ मेले की माती सैल होते.

चरातले छुपे धोके

चरात उतरण्यापूर्वी यंत्र बाजूला ठेवून काठीने सगळा पट्टा चाचपावा. गवताखाली काचेच्या बाटल्या, तारा, सळया, प्लास्टिकच्या दोऱ्या, उघडे चेंबर असे काहीही असू शकते. सापडलेल्या खड्ड्याजवळ लाल फडके बांधलेली काठी रोवावी. तार किंवा नायलॉनची दोरी पात्यात गुंतली तर तिचे टोक चाबकासारखे फिरते. रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांजवळ आणि जमिनीवर उघड्या पडलेल्या केबलजवळ पाते नेऊ नये. तो भाग हातानेही न कापता काम देणाऱ्याला कळवावा आणि वीज बंद झाल्यावरच करावा.

चराची कड वरून घट्ट दिसते, पण खालून पाण्याने पोखरलेली असते. म्हणून कडेपासून फूटभर आत उभे राहावे. पाणी साचलेल्या चरात यंत्र घेऊन उतरू नये. तेथील गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापून दाताळ्याने ओढून घ्यावे.

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. पावसाळ्यानंतर गवतात त्यांचा वावर असतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला शांत ठेवावे, दंशाचा अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास जीव घेऊ शकतो. काम सुरू होण्यापूर्वी जवळच्या कोणत्या सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयात सर्पदंशाचे औषध आहे, याची चौकशी मुकादमाने करून ठेवावी.

उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला भेग किंवा जखम असेल तर तो शरीरात शिरतो. चरात काम करणाऱ्याची जखम झाकलेली असावी. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना आपण गटारात काम केले होते हे आवर्जून सांगावे. त्यामुळे निदान लवकर होते.

कापलेले गवत चरातच सोडून निघून जाण्याची वाईट सवय आहे. ते पाण्याबरोबर वाहत जाऊन मोरीच्या तोंडाशी अडकते. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले आणि रेल्वे ठप्प झाली, हे आपण विसरलेलो नाही. त्याला कारणे अनेक, पण तुंबलेल्या मोऱ्या पाण्याला वाट देत नाहीत हे उघड आहे. ते पाणी शेवटी आपल्याच गाळ्यात आणि दुकानात शिरते. गवत उचलून नेण्याचा खर्च म्हणून दरातच धरावा. ते जाळू नये, धुराने महामार्गावर अपघात होतात. आणि गटाराच्या कडेचे, प्लास्टिक व तेलाने माखलेले गवत चारा म्हणून बकऱ्यांना घालू नये.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी

यंत्र दुरुस्त करणाऱ्या बंधूंवर मोठी जबाबदारी आहे. गिऱ्हाईक अनेकदा पात्याचे गार्ड काढून द्यायला सांगते, कारण त्यात ओले गवत अडकते. ते देऊ नये. गार्डमधील छोटी सुरी नायलॉन दोरी ठरलेल्या लांबीवर छाटते. गार्ड काढले की दोरी लांब होते, इंजिनावर भार पडतो, क्लच जळतो आणि खडे थेट पायावर येतात. नायलॉन दोरीच्या जागी लोखंडी तार किंवा साखळी बसवणे हा तर गुन्हाच समजावा. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

यंत्र मंद गतीवर असताना पाते फिरता कामा नये. फिरत असेल तर कार्ब्युरेटरचा मंद गतीचा स्क्रू जुळवावा, तरीही फिरले तर क्लचची स्प्रिंग बदलावी. पाते घासताना सर्व दाते सारखे घासावेत, नाहीतर तोल जाऊन यंत्र थरथरते. या थरथरीने महिनोन्महिने काम करणाऱ्याची बोटे बधिर व पांढरी पडतात. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून परत देऊ नये, मोडून भंगारात टाकावे. पात्याचा नट बहुधा उलट्या आट्याचा असतो, हे नव्या पोराला आधी शिकवावे. अडकलेले गवत काढताना इंजिन बंद आणि प्लगची टोपी काढलेली असावी. इंधन इंजिन थंड झाल्यावरच भरावे आणि भरलेल्या जागेपासून तीन मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे.

हिशेब कसा मांडावा

आता मुख्य मुद्दा. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, आपापले आकडे घालून पाहावेत. समजा सपाट साइडपट्टीवर दोन यंत्रे आणि चार माणसे दिवसाला ८०० मीटर काम करतात आणि मजुरी, इंधन, घसारा मिळून खर्च ६,००० रुपये येतो. म्हणजे मीटरला साडेसात रुपये. उतारावर तेच काम निम्म्यावर येते, समजा ४०० मीटर. पहारेकऱ्याची मजुरी, शंकू, फलक, जाळी यांचे मिळून रोज आणखी १,००० रुपये धरले तर खर्च ७,००० रुपये, म्हणजे मीटरला साडेसतरा रुपये झाला. ज्याने सगळ्या कामाला सरसकट १० रुपये दर दिला, त्याला उतारावर दिवसाला ४,००० रुपये मिळतात आणि ३,००० रुपये तोटा होतो. तो हा तोटा कशातून वाचवील? पहारेकरी काढील, गमबूट देणार नाही, अंधार पडेपर्यंत काम चालवील. अपघाताची सुरुवात दरपत्रकात होते ती अशी.

म्हणून दरपत्रकात सपाटी आणि उतार वेगळे दाखवावेत. उताराचे मोजमाप लिहून द्यावे. गमबूट, जाळीचा किंवा पारदर्शक मुखपट्टा, डोळ्यांचा चष्मा, कानाचे संरक्षण, हातमोजे, चमकणारे जाकीट आणि यंत्राचा खांद्यावरचा पट्टा यांचा खर्च माणशी धरावा. रस्त्यावरील कामाच्या जागी फलक व शंकू कसे मांडावेत याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'एसपी ५५' या पुस्तिकेत आहेत. मोठ्या ठेकेदाराकडून ते साहित्य कोण देणार हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे. ज्याची जमीन त्याचे लेखी काम हाती असल्याशिवाय महामार्ग, पालिका किंवा रेल्वेच्या हद्दीत पाते चालवू नये.

कामावर असताना मजूर जखमी झाला किंवा दगावला तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. ही तरतूद १९२३ च्या कायद्यात होती आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मूळ काम देणाऱ्याने भरपाई दिली तरी तो ती रक्कम खालच्या ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. म्हणजे साखळीतला शेवटचा लहान ठेकेदार, जो बहुधा आपलाच बंधू असतो, तोच अखेर सापडतो. 'रोजंदारीचा माणूस होता, लिखापढी नव्हती' ही सबब चालत नाही. कामगार भरपाईचा विमा आणि वाहनाच्या काचा फुटल्यास लागू पडेल असा त्रयस्थ नुकसानीचा विमा, दोन्ही हंगामापुरते का होईना, घ्यावेत. हजेरीची वही आणि मजुरांची नावे रोज लिहावीत.

पहाटेचे दव वाळल्यावर काम सुरू करावे, कारण ओल्या उतारावर सगळ्यात चांगला बूटही घसरतो. दुपारच्या उन्हात सुटी द्यावी आणि दिवेलागणीपूर्वी यंत्रे बंद करावीत. दर अर्ध्या-पाऊण तासाने यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे, म्हणजे थकलेल्या हाताने पाते चालणार नाही.

यातले काहीच अवघड नाही. एक मीटरची पट्टी, एक पाणसळ, एक पहारेकरी आणि दरपत्रकातील एक जादा ओळ एवढेच लागते. पुढच्या हंगामात कोणी विचारले की "मीटरला काय घेणार?" तर लगेच आकडा सांगू नका. "आधी उतार दाखवा," असे म्हणा. जो काम देणारा एवढे दाखवायलाही तयार नाही, त्याचे काम सोडून दिले तरी आपले नुकसान होत नाही.